सोडपत्ती

पप्पा, तुमचा खेळ परवा आईने माझ्या मुलाला शिकवला. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि तेवढ्या काळात त्या खेळाचं नावही घरात कोणी काढलं नव्हतं, म्हणून मला वाटलं होतं की ती विसरली असेल. शनिवारी मुलगा पुण्याहून तीन मित्रांना घेऊन जुन्नरला आला. ही पोरं दिवसभर डोंगरात हिंडतात आणि संध्याकाळी हॉलमध्ये चटई टाकून पोकर खेळतात. रंगीत प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, पैसे नसतात, हरलेल्याने सगळ्यांना आईस्क्रीम आणायचं. आई खुर्चीत बसून मटार सोलत होती. तिसऱ्या-चौथ्या डावाला तिने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "ह्यात आपली पानं आपल्यालाच दिसतात, मग कसली आलीय मजा? आमच्याकडे एक खेळ होता. त्यात आपलं पान सोडून बाकी सगळ्यांची दिसायची." पोरं लागली मागे, आज्जी सांग, आज्जी सांग. आणि तिने सांगितला, पप्पा. पहिल्या नियमापासून शेवटच्या नियमापर्यंत, कुठेही न अडखळता, पाढे म्हणावेत तसा. मी आत पोहे परतत होते. ते करपले, पण माझं लक्ष नव्हतं.

तुम्ही तो शिकलात खताच्या कंपनीच्या एका माणसाकडून. नारायणगावच्या आपल्या दुकानात तो महिन्यातून एकदा यायचा आणि त्याच्या बॅगेत माहितीपत्रकांखाली पत्त्यांचा जोड असायचा. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्याने काउंटरवरचं एक पान उचलून कपाळाला लावून दाखवलं. पोकरचाच हा एक प्रकार, म्हणाला, पण घरगुती, बायकापोरांत खेळायचा. तुम्ही त्याला चहा पाजलात, खेळ ठेवून घेतलात आणि त्यातले पैसे काढून टाकलेत. पैसे लावले की जुगार, आणि जुगार म्हणजे सात व्यसनांतलं पहिलं. चातुर्मासात जैन स्थानकात मुक्कामाला आलेल्या साध्वी, महासतीजी, तेच बजावत. मग पैशाऐवजी काय? तुमचं डोकं मात्र मानलं पाहिजे. तुम्ही म्हणालात, आपण जैन माणसं, आपण काही लावायचं नाही, आपण सोडायचं. कोणी चहा सोडावा, कोणी गूळ, कोणी चार दिवस पंखा. जे नेम माणसं हात जोडून, डोळे मिटून घेतात ते तुम्ही पत्त्यांवर घ्यायला लावलेत, आणि वर सांगितलंत की ह्यात हरणाऱ्याचंही कल्याणच आहे. सोडपत्ती हे नावही तुम्हीच ठेवलंत.

प्रत्येकाला एक पान. ते न बघता उचलायचं आणि समोरच्यांना दिसेल असं कपाळाला टेकवायचं. एक्का सगळ्यांत भारी, दुर्री सगळ्यांत हलकी. मग पाळीपाळीने आपण काय सोडणार ते बोलायचं, आणि दर माणसाने आधीच्यापेक्षा वजनदार बोलायचं. वजन ठरवणार तुम्ही. दम नसेल त्याने पान खाली ठेवावं आणि तोवर जे बोललं असेल तेवढं पाळावं. शेवटी दोघं उरले की पानं उघडायची. ज्याचं भारी तो सगळ्यातून सुटला, ज्याचं हलकं त्याने सगळं पाळायचं. तोंडाने वाटेल ते खोटं बोलायला मुभा होती. इथपर्यंत खेळ बरा होता. पण मग तुम्ही एक नियम घातलात: समोर कोणी उरलंच नाही तर एकटा राहिलेला माणूस सुटत नाही, अडकतो. म्हणजे आपल्याला सुटायचं असेल तर हरणारं कोणीतरी शेवटपर्यंत समोर बसलेलं पाहिजे, आणि ते बसून राहील हे आपणच बघायचं. परवा हा नियम ऐकल्यावर मुलाचा एक मित्र म्हणाला, "आज्जी, हा तर डेंजर आहे." आई म्हणाली, "हो, हा आमच्या ह्यांचा."

आपल्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं होत. त्यानंतर खायचं काही नाही, करायचं काही नाही, दुकान बंद; त्या रिकाम्या वेळात तुम्ही जोड काढायचात. खेळायला आपण तिघं आणि येडगावचे काका. काकांची धरणाच्या कडेला बागायत होती, तुमच्याकडून खत-बियाणं न्यायचे आणि शनिवारी बाजाराचं उरकलं की घरी यायचे. ते खोटं बोलण्यात पटाईत. दुर्रीला एक्का म्हणायचे आणि एक्क्याला दुर्री, आणि फसलेल्या माणसाच्या तोंडावर टाळी देऊन हसायचे. हरले तर दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर चहा पिऊन यायचे आणि स्वतःच सांगायचे, "शेठ, मोडला बरं का तुमचा नेम. द्येवाला सांगा त्या येड्याला माफ कर." तुम्ही चहा सोडला तर कॉफी प्यायचात, कारण कॉफी सोडलेली नसायची. नेम खरोखर पाळायची ती एकटी आई. ती आठ दिवस बिनगुळाची, चार दिवस बिनमिठाची राहिली, एकदा महिनाभर बिनउशीची झोपली. तुम्ही त्याचं कौतुक सांगायचात लोकांना, आमच्या घरात तपस्या फार, म्हणून.

तुम्ही क्वचितच हरायचात. मला फार दिवस वाटायचं की तुमचं नशीबच तसलं. मग सोळाव्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं की तुम्ही आईला नेहमी बरोबर समोर बसवता. तिला चेहरा लपवता येत नव्हता, अजूनही येत नाही. तुमच्या कपाळाला भारी पान असलं की तिच्या तोंडावर सुटल्यासारखं समाधान यायचं, आणि हलकं असलं की तिच्या भुवया तुमच्या काळजीने जवळ यायच्या. तुम्ही तुमचं पान तिच्या तोंडावर वाचत होतात. तिला तुमच्याविषयी जे काही वाटत होतं ते तुम्ही खेळायला वापरत होतात, पप्पा. किळस यावी अशी गोष्ट आहे. आणि तरी खरं सांगते, तेव्हा मला किळस आली नाही. मला वाटलं, किती हुशार आहेत माझे पप्पा, आणि हे मला कधी जमेल.

तो डाव मला पानापानासकट आठवतो. मी बारावीला आहे, दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेत, तुम्ही लोडाला टेकून बसला आहात. काकांच्या कपाळाला सत्ती, तुमच्या गुलाम, आईच्या तिर्री. माझं पान मला दिसत नाही, पण आईच्या भुवया जवळ आलेल्या दिसतात, म्हणून मी दोन दिवस चहा सोडून पान खाली ठेवते. ती चौकी निघते. काका दोन दिवस तंबाखू सोडून बाहेर पडतात. आईने आठवडाभर गूळ सोडलेला असतो. मग तुम्ही, समोर तिर्री बघून तोंडाला पाणी सुटलेले तुम्ही, म्हणता, "महिनाभर तपकीर सोडली." काका शीळ घालतात. तपकिरीशिवाय तुमची सकाळ व्हायची नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तुमचं ब्लडप्रेशर बघून तपकीर बंद करा म्हणून सांगितलं होतं आणि तुम्ही त्यांना हसून टाळलं होतं. आईच्या डोळ्यांत एकदम काहीतरी जागं झालं. तिला जिंकायचं होतं. चार वर्षं घरात खेळ चालला होता आणि तिला जिंकायची इच्छा झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. ती जिंकली तर महिनाभर तुमची तपकीर बंद, एवढंच तिला हवं होतं.

ती म्हणाली, "मी ह्या वर्षी आंबा सोडला." तुम्ही मान हलवलीत. "आंबा तू तसाही आम्हालाच वाढतेस. हलकं झालं." ती म्हणाली, "मग दोन्ही वेळचा चहा, दोन महिने." "माझी तपकीर आणि तुझा चहा सारखा का? वजनदार बोल, नाहीतर ठेव पान." तिने पान ठेवलं असतं तर एकटे उरून तुम्हीच तपकिरीत अडकला असतात, पण जिंकायच्या भरात तिला ते सुचलं नाही. तिच्याकडे सोडण्यासारखं फार काही नव्हतंच. तेव्हा तुम्ही, अगदी मदत केल्यासारखं, म्हणालात, "माहेरचा उंबरा सोड. वर्षभर." समोर तिर्री दिसत असताना म्हणालात. लोणीला तिची म्हातारी आई होती, दर दोन महिन्यांनी ती मंचरला एसटी बदलून दोन दिवस जायची, आणि ते दोन दिवस तुम्हाला हाताने पाणी घ्यावं लागायचं. गंमत म्हणून तुम्ही ते काढून घेत होतात.

काकांनी तिला वाचवायचा प्रयत्न केला. ते नेहमीसारखे हसत नव्हते. "वैनी, ठिवा पान खाली. तिर्री हाय. आईची आन, खोटं न्हाई बोलत." पण त्यांनी आयुष्यात इतकं खोटं बोलून ठेवलं होतं की आईला ती युक्तीच वाटली. ती माझ्याकडे वळली. तोंडाने खोटं बोलता येतं, पण पोरीचा चेहरा खोटा कसा असेल, असा तिचा साधा हिशेब. आणि मी एक्का बघितल्यासारखी हसले. उघड नाही, ओठ दाबून, हसू आवरत नाही असं दाखवत, डोळे खाली घालून. आरशासमोर बसून मी ते कितीदा केलं होतं. मला त्यातून काही मिळायचं नव्हतं, मी डावातून बाहेर होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, मला जमतं का. जमलं. आई म्हणाली, "सोडला. माहेरचा उंबरा वर्षभर सोडला," आणि पान उघडलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दुकानात बोलावून सोनेरी टोपणाचं पेन दिलंत. म्हणालात, "काल चेहरा चांगला ठेवलास. तू माझ्यावर गेलीस." म्हणजे तुमचं लक्ष होतंच. मला इतका आनंद झाला की मी ते पेन आठवडाभर पिशवीतून काढकाढून बघत होते. बारावीचे सगळे पेपर मी त्याच पेनाने लिहिले.

फेब्रुवारीत लोणीहून दुकानात फोन आला की आजी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. आईने पिशवी भरली आणि पिशवी घेऊनच तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. तुम्ही "जाऊ नको" म्हणाला नाहीत, तेवढे तुम्ही शहाणे होतात. "जा की," म्हणालात, "मी कुठे अडवलंय? उंबरा तेवढा सांभाळ. नेम तुझा आहे, मोडायचा तर तू मोड." महासतीजींकडे जाऊन प्रायश्चित्त घेतलं असतं तर ती सुटली असती, पण मग नेम पत्त्यांवर घेतलाय हे सांगावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा ती मेली असती. तुमच्या एका वाक्याने ती मोकळी झाली असती. गेला तो खेळ खड्ड्यात, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही तपकिरीची डबी उघडलीत.

काकांनी त्यांच्या जीपमधून आम्हा दोघींना नेलं. मामांच्या घराला पुढे ओटा, मग उंबरा, मग बैठक, आणि त्याच्या आत माजघरात आजी पलंगावर, पायाला ताण द्यायला दोरीने विटा लटकवलेल्या. तिला हलवता येत नव्हतं. एकदा पलंग सरकवून बघितला तर तिची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. आई ओट्यावर बसली आणि बसूनच राहिली. मामांनी हात धरून ओढलं, मामी रडल्या, गल्लीतल्या बाया जमल्या. काका म्हणाले, "वैनी, ह्यो खेळ व्हता. खेळातलं कुनी मनाला लावून घेतं का? चला आत, म्या सांगतो शेठला." आई म्हणाली, "शेठला माहीत नसलं तरी मला माहीत आहे ना." तिने कोणालाच कारण सांगितलं नाही आणि मलाही बजावलं, पत्त्यांचं नाव काढायचं नाही. मी आत-बाहेर करत होते. आजी आतून हाक मारायची आणि आई बाहेरून ओ द्यायची. मग आजीने मला जवळ घेऊन विचारलं, "तुझी आई माझ्यावर रुसलीय का गं?" मी म्हटलं, "नाही आजी, तिचा नेम आहे." आजी म्हणाली, "माझ्याच उंबऱ्याचा?" मी पाण्याचा तांब्या भरायला निघून गेले. पाचव्या दिवशी आजी गेली. तिला बाहेर आणलं तेव्हा आईने तिला बघितलं.

परतल्यावर काका दुकानाच्या पायरीवर उभे राहून तुम्हाला म्हणाले, "शेठ, तुमचा डाव लई वंगाळ," आणि पुन्हा आले नाहीत. पुढे खत ते आळेफाट्यावरून न्यायला लागले. तुम्ही जेवताना म्हणालात, एक गिऱ्हाईक गेलं. जोड कपाटात गेला तो गेलाच. आईने वर्ष पुरं केलं, मग लोणीला जाऊन रिकाम्या माजघरात बसून आली, आणि तुम्हाला वेळेवर गरम जेवण वाढत राहिली. मी तुमचा द्वेष करायला कधी सुरुवात केली ते नेमकं सांगता येत नाही, पण एकदा सुरू केल्यावर फार मन लावून केला. लग्नात तुमच्या पाया पडताना केला, तुमच्या आजारपणात तुम्हाला चमच्याने पेज भरवताना केला. शेवटच्या महिन्यात तुमचं अर्धं तोंड वाकडं झालं होतं आणि मी मनात म्हणाले होते, आता ठेवा चेहरा. एवढं मात्र तुमच्या बाजूने लिहायला हवं, की तुम्ही शेवटपर्यंत आईला माझ्याबद्दल सांगितलं नाहीत. भांडणं झाली, तिने एकदा तुम्हाला "माझ्या आईचे मारेकरी" म्हटलं, तेव्हाही तुम्ही गप्प ऐकून घेतलंत. माझ्या हसण्याचा एक शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. ते माझ्यावरच्या मायेने की आपला माल आपण उघडा पाडायचा नसतो म्हणून, हे मला माहीत नाही.

रविवारी दुपारी पोरं पुण्याला गेली. आईने चटई गुंडाळली, पानं मोजून डबीत भरली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी तू हसलीस, ते का गं?" तिला कोणता दिवस ते सांगावं लागलं नाही. पस्तीस वर्षं मी ह्या प्रश्नाची वाट बघत होते आणि माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं, असं मला वाटत होतं. पण ते तयार होतं. मी म्हटलं, "पप्पांनी डोळ्याने खूण केली होती. हस म्हणून. मी घाबरले." किती सहज आलं ते तोंडातून, तुम्ही असतात तर तुम्हाला अभिमान वाटला असता.

तिने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं मला वाटायचं, माझी पोरगीच तशी." तिचा चेहरा तुम्हाला ठाऊक आहे, काही लपत नाही. मी तिला एवढी मोकळी झालेली कधीच बघितली नव्हती. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, शाळेत असताना फिरवायची तसा, आणि मी तो फिरवू दिला. मग ती म्हणाली, "त्यांचा फोटो काढ तिथून." मी स्टुलावर चढले, तुम्हाला खिळ्यावरून उतरवलं, चंदनाचा हार काढून ठेवला आणि जुन्या चादरीत गुंडाळून तुम्हाला माळ्यावर टाकलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे, तो तिने काल ओल्या फडक्याने पुसला.

तुम्ही माझ्या आईशी जे केलंत ते केलंत, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण ते हसू तुमचं नव्हतं आणि ते आता तुमच्या नावावर आहे, हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले. हे कागद कुठे पाठवायचे हा प्रश्नच नाही, आणि घरात ठेवायचीही सोय नाही, आई अजून चष्मा लावून हाताला येईल ते वाचते. सकाळी दूध तापवताना गॅसवर धरीन. पप्पा, तिने मला पुन्हा विचारलं तरी मी हेच सांगणार आहे.